सरवा वेचणारी

मागच्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी मोठे काका. जिलबी वाढून झाली, मठ्ठा आला आणि काकांनी दर लग्नात विचारतात तो प्रश्न विचारला, "मग, सध्या काय चाललंय तुझं?"

मी सांगितलं. भाषांतराची कामं, अधूनमधून फोटो, शनिवारी मुलांचा एक वर्ग, शिवाय हा ब्लॉग. काकांनी मठ्ठ्याचा घोट घेतला, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या."

त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. काका एकाच खात्यात पस्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले, त्यांना माझी खरोखर काळजी वाटते. (काका, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. रागावू नका :)) पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि चांगले चार दिवस मुक्कामाला राहिलं. बँकेतली नोकरी सोडून मला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी नक्की काय केलं, असं कुणी एका ओळीत विचारलं तर माझ्यापाशी ती एक ओळ नाही.

पाचव्या दिवशी मी कपाटातून एक जुनी डीव्हीडी काढली आणि आन्येस वार्दाचा एक सिनेमा पुन्हा बघितला. त्याविषयी आज लिहायचं आहे. खरं तर सिनेमाविषयी कमी आणि बाईविषयी जास्त.

तुमच्यापैकी सिनेमावेड्या मंडळींना हे नाव माहीत असेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: फ्रेंच बाई, जन्म १९२८ चा, मृत्यू २०१९ चा. आधी नाटकांची फोटोग्राफर, मग सिनेमा दिग्दर्शक, मग पंचाहत्तरीच्या सुमारास कलादालनांत मांडण्या करणारी चित्रकर्मी. कधी कथापट, कधी माहितीपट, कधी दोन-चार मिनिटांची फिल्म. एका धाग्यात ओवायला अवघड असं सगळं. म्हणजे काकांच्या भाषेत चिंध्याच.

जो सिनेमा मी बघितला त्याच्या फ्रेंच नावाचं इंग्रजीत भाषांतर करताना गडबड झाली आहे. मूळ नावात दोन शब्द आहेत, एक अनेकवचनी आणि दुसरा एकवचनी स्त्रीलिंगी. इंग्रजीला तसं करता येत नाही. आपल्याला येतं. 'सरवा वेचणारे आणि सरवा वेचणारी'.

शहरात वाढलेल्यांना सरवा हा शब्द कदाचित माहीत नसेल. पीक काढून झालं, माल घरी किंवा बाजारात गेला, की रानात जे काही चुकूनमाकून उरतं तो सरवा. माझ्या आजीचं माहेर सातगाव पठारावरचं, बटाट्याचा मुलूख. बटाटा काढून गोण्या गेल्या की दुसऱ्या दिवशी आजी आम्हा पोरांना घेऊन रानात जायची. हातात खुरपं. भुसभुशीत मातीत ते अलगद फिरवायचं, कुठे काही टणक लागलं की थांबायचं. बारके, वेडेवाकडे, खुरप्यानं कापलेले, एकमेकांना चिकटलेले जुळे बटाटे निघायचे. आजी ते ओच्यात टाकायची. तिच्या माहेरी खायची ददात नव्हती, तरी ती जायची. मी एकदा विचारलं होतं की हे असले बटाटे कशाला घ्यायचे? तर म्हणाली, "रानात ठेवून काय करायचंय?" या उत्तराचा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता आणि आजही पुरता कळला आहे असं नाही.

असो. आता मूळ विषयाकडे येते.

वार्दाचा जन्म बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा. वडील ग्रीक, आई फ्रेंच. घरी नाव ठेवलं होतं आर्लेत. अठराव्या वर्षी तिनं रीतसर कागदोपत्री ते बदलून आन्येस केलं. १९४० साली जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या तेव्हा हे कुटुंब पळून दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदराच्या गावी आलं. तिथे ते एका बोटीवर राहिले. पुढे पॅरिस. तिथे तिनं कलेचा इतिहास शिकायला सुरुवात केली, म्युझियममध्ये काम करायचं असं काहीसं डोक्यात होतं. पण पुस्तकी कामाचा कंटाळा आला आणि हातानं करायचं काहीतरी हवं म्हणून ती फोटोग्राफी शिकली. म्हणजे पहिली धरसोड विशीच्या आतबाहेरच झाली.

सेतमधल्या ओळखी तिच्या कामी आल्या. ज्याँ व्हिलार हा नाट्यदिग्दर्शक सेतचाच. त्याची बायकोही तिथलीच, आणि तिच्या माहेरच्यांशी आन्येसची घट्ट मैत्री. या व्हिलारनं १९४७ मध्ये आव्हिन्यों या गावी, पोपच्या जुन्या राजवाड्याच्या चौकात, उघड्या आकाशाखाली नाटकं करायला सुरुवात केली. आज जगभर गाजणारा आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव तो हाच. दुसऱ्या वर्षीपासून वार्दा तिथे कॅमेरा घेऊन हजर. १९५१ मध्ये व्हिलारकडे 'राष्ट्रीय लोकनाट्यगृहा'ची सूत्रं आली. नाटक हे पाणी-विजेसारखं सगळ्यांना मिळायला हवं, कामगारालाही परवडायला हवं, हा त्याचा ध्यास. तिथे वार्दा दहा वर्षं अधिकृत फोटोग्राफर होती.

त्या काळातला फ्रान्सचा सगळ्यात लाडका नट जेरार फिलिप व्हिलारच्या नाटकांत काम करायचा. त्याचे आव्हिन्योंमधले जे फोटो आज सगळीकडे दिसतात त्यातले कितीतरी वार्दाचे. रात्रीच्या प्रयोगाच्या अपुऱ्या उजेडात तेव्हाची फिल्म फारसं टिपायची नाही, म्हणून काही फोटो तिनं दिवसा, उन्हात, नटांना वेशभूषेत उभं करून काढले. फिलिप १९५९ मध्ये गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. व्हिलार १९७१ मध्ये. प्रयोग तर पडदा पडला की संपतोच. मग मागे काय राहिलं? विशी-पंचविशीतल्या एका मुलीनं बाजूला उभं राहून टिपलेले फोटो. २००७ मध्ये आव्हिन्योंला तिनं ते पुन्हा मांडले. पुढच्याच वर्षीच्या तिच्या आत्मचरित्रपर सिनेमात ती त्या फोटोंसमोर फिरताना दिसते. ती एकेका गेलेल्या माणसाला फुलं वाहते आणि तिला रडू फुटतं.

मला वाटतं तिचा सरवा तिथेच सुरू झाला. खळं दुसऱ्याचं, मळणी दुसऱ्याची. ही मागे राहून उरलेलं वेचणारी.

सिनेमात ती कशी आली हा किस्सा तर भन्नाट आहे. फोटोत माणसं बोलत नाहीत, पुढे काय झालं ते सांगता येत नाही, याची तिला चुटपुट लागायला लागली. सिनेमे तिनं फारसे पाहिलेच नव्हते. पंचविशीपर्यंत सगळे मिळून दहाएक पाहिले असतील, असं तीच सांगायची. कुणा दिग्दर्शकाची सहायक म्हणून तिनं कधी काम केलं नव्हतं. सिनेमाच्या शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी १९५४ मध्ये तिनं स्वतःची छोटी निर्मितीसंस्था काढली, 'सिने-तामारिस', आणि सेतमधल्या कोळ्यांच्या वस्तीत जाऊन 'ला प्वाँत कूर्त' हा सिनेमा केला. कलाकार दोन, सिल्व्हिया माँफोर आणि फिलिप न्वारे, दोघेही व्हिलारच्या नाटकमंडळीतले. बाकी सगळे खरे कोळी, त्यांच्या बायका, त्यांची मांजरं. पैसे नव्हतेच. म्हणून नट आणि तंत्रज्ञ सहकारी तत्त्वावर, मेहनताना हातात न घेता काम करायला तयार झाले.

सिनेमाची रचना अशी: एक पदर कोळीवस्तीच्या रोजच्या जगण्याचा आणि दुसरा एका नवरा-बायकोच्या लांबलेल्या संवादाचा. दोन्ही एकाआड एक येतात, पण एकत्र मिसळत नाहीत. ही युक्ती तिनं फॉकनरच्या एका कादंबरीवरून घेतली होती. संकलनाला अलँ रेने आला. तो तेव्हा स्वतः दिग्दर्शक म्हणून नावारूपाला यायचा होता. तो तुकडे जोडता जोडता म्हणायचा, हे व्हिस्कोंतीसारखं वाटतंय, ते अंतोनियोनीसारखं. आणि ही विचारायची, हे कोण?

आता इतिहासाची गंमत बघा. फ्रेंच सिनेमातली 'नवी लाट' कधी सुरू झाली असं कुठल्याही पुस्तकात पाहिलं तर ढोबळमानानं १९५९ चा त्रुफो आणि १९६० चा गोदार ही नावं सापडतात. स्टुडिओ सोडून रस्त्यावर चित्रीकरण, थोडका पैसा, थोडकी माणसं, स्वतःच्या मनाप्रमाणे सांगितलेली गोष्ट, ही त्या लाटेची लक्षणं. हे सगळं त्या दोघांच्या चार-पाच वर्षं आधी एका फोटोग्राफर मुलीनं करून ठेवलं होतं. पण तेव्हा फ्रान्समध्ये दिग्दर्शक व्हायचं तर रीतसर पायऱ्या चढून परवाना मिळवावा लागे. हिच्याकडे तो नव्हता. त्यामुळे तिचा सिनेमा हौशी ठरला आणि त्याला नेहमीसारखं वितरण मिळालं नाही. १९५६ च्या जानेवारीत तो पॅरिसमधल्या एका छोट्या थिएटरात लागला. थोड्या जाणकारांनी वाखाणला आणि तिला पुढचा मोठा सिनेमा करायला सहा वर्षं लागली. मधल्या काळात लाट येऊन तिचा गाजावाजाही होऊन गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही तर यांच्याही आधीची! आणि तिला उपाधी मिळाली, 'नव्या लाटेची आजी'. वय वर्षं तीस. :)

इतिहास लिहिणारे सुगीला येतात. मोठी कणसं कापतात, पेंढ्या बांधतात, गाडी भरून जातात. रानात काय उरलं ते बघायला वेगळी माणसं लागतात, आणि ती नंतर येतात.

मधल्या सहा वर्षांत ती रडत बसली नाही. फोटो चालू होते. १९५७ मध्ये चीनला जाऊन आली. पर्यटन खात्यासाठी छोटे माहितीपट केले. मग जॉर्ज द बोरगार या निर्मात्यानं विचारलं, एखादा स्वस्तातला सिनेमा करशील का? तिच्या डोक्यात होता तो महागडा, रंगीत, भरपूर प्रवासाचा. तो राहिला बाजूला. स्वस्तात करायचं तर काय करावं? पॅरिसच्या बाहेर जायचं नाही. एकाच दिवसात घडेल अशी गोष्ट घ्यायची. कृष्णधवल. यातून निघाला 'क्लेओ: पाच ते सात', १९६२ चा. एका देखण्या गायिकेला कॅन्सर आहे का याचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार आहे. तोपर्यंतची ती पॅरिसच्या रस्त्यांवर फिरते, एवढंच. पडद्यावरची दीड तासाची वेळ आणि आपल्या घड्याळातली वेळ जवळजवळ बरोबरीनं चालतात. वार्दाचं नाव ज्या सिनेमानं जगभर झालं तो सिनेमा हा. आणि त्याची सगळी घडण आली कुठून, तर खिशात पैसे नव्हते म्हणून!

त्याच्या पुढच्याच वर्षीची 'सलाम, क्यूबन्स'. क्रांतीनंतरच्या क्यूबात ती फिरली आणि हजारो फोटो घेऊन परतली. मग ते फोटोच एकामागोमाग एक ठेवून तिनं अर्ध्या तासाची फिल्म बनवली. गाण्याच्या तालावर फोटो नाचतात. फोटोग्राफरचं काम सोडून ती सिनेमात गेली असं म्हणणाऱ्यांनी ही फिल्म बघावी. तिनं काहीच सोडलं नव्हतं. जुनं काम बरोबर घेऊनच ती पुढच्या कामात शिरत होती.

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. १९६२ मध्ये तिनं दिग्दर्शक जाक दमीशी लग्न केलं. दोन मुलं, मोठी मुलगी तिच्या आधीच्या नात्यातली, आणि १९७२ मध्ये झालेला मुलगा मात्यू. मूल लहान, घर सोडून चित्रीकरणाला जाणं शक्य नाही. हे ज्या बायकांनी केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. काम थांबतं. घरचे म्हणतात, होईल गं नंतर. वार्दाला एका जर्मन टीव्ही वाहिनीनं एक फिल्म करायला सांगितलेली. तिनं काय करावं? घरातल्या विजेच्या मीटरपासून एक लांब केबल काढली, साधारण ऐंशी-नव्वद मीटरची. जिथवर केबल पोचेल तिथवर चित्रीकरण. त्यापलीकडे नाही.

ती राहायची त्या रस्त्याचं नाव रू दागेर. फोटोग्राफीच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या दागेरच्या नावाचा रस्ता. १९५१ पासून अखेरपर्यंत ती तिथेच राहिली. केबलच्या टप्प्यात आले कोण? पाववाला, खाटीक, शिंपी, वाणी, केस कापणारे नवरा-बायको आणि अत्तरं, बटणं असलं किडूकमिडूक विकणारं एक म्हातारं जोडपं. त्यातल्या आजीबाईंचं मन थोडं हरवलेलं. दिवस मावळायला लागला की त्या अस्वस्थ होऊन दाराशी जातात, जणू कुठेतरी निघायचं आहे. जात कुठेच नाहीत. वार्दा त्यांना नुसतं बघते. काही विचारत नाही, काही समजावून सांगत नाही. 'दागेरोतीप' नावाची ही फिल्म १९७० च्या दशकातल्या पॅरिसच्या एका साध्या गल्लीचा अस्सल इतिहास आहे. राजेरजवाड्यांचा नाही, शहाण्यासुरत्यांचाही नाही. केबल जेवढी लांब तेवढ्याच लोकांचा.

मी ही फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. ती झोपल्यावर आवाज बारीक करून बघितली. बघून झाल्यावर खूप वेळ नुसती बसून राहिले. माझी केबल किती लांब आहे याचा तोपर्यंत मी विचारच केला नव्हता. ती नाही म्हणूनच बोंब मारत होते.

तिचं सगळंच काही जमलं असं मात्र समजू नका. १९६६ चा 'ले क्रेआत्यूर' हा तिचा सिनेमा साफ पडला, कॅथरीन दनव्हसारखी नटी असूनही. १९९५ मध्ये सिनेमाच्या शंभरीनिमित्त मोठमोठे नट घेऊन केलेलाही पडला. मधल्या काळात पैसा उभा करताना तिची दमछाक व्हायची. १९८५ मध्ये मात्र एक वेगळंच घडलं. दक्षिण फ्रान्समधल्या हिवाळ्यात एक भटकी मुलगी द्राक्षमळ्यातल्या चरात गारठून मेलेली सापडते. ती कोण होती हे तिला वाटेत भेटलेली माणसं आपापल्या परीनं सांगतात आणि तरी ती कुणालाच कळलेली नसते. या सिनेमाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. नाव होतं 'ना छप्पर, ना कायदा'. शेताच्या बांधावर टाकून दिलेलं माणूस, म्हणजे पुन्हा सरवाच.

मग दमी आजारी पडला. तो आपल्या लहानपणाच्या आठवणी लिहीत होता, ती त्या वाचत होती. तिनं त्यांवर सिनेमा करायला घेतला. चित्रीकरणाला तो येऊन बसायचा. मधूनच ती कॅमेरा त्याच्याकडे वळवते आणि अगदी जवळून त्याची त्वचा, हातावरचे डाग, पांढरे केस, डोळा दाखवते. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. सिनेमा पुढच्या वर्षी आला. त्याचा आजार एड्स होता हे तिनं जाहीरपणे सांगितलं ते थेट २००८ मध्ये. नवरा जात असताना त्याच्या त्वचेकडे भिंगातून बघणं, यात काय काय आलं असेल ते आपण दुरून काय सांगणार?

दहा वर्षांनी, २००० मध्ये, तोच कॅमेरा तिनं स्वतःकडे वळवला. तोवर हातात मावणारे छोटे डिजिटल कॅमेरे आले होते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती असा एक घेऊन फ्रान्सभर हिंडली आणि सरवा वेचणाऱ्यांना भेटली. माझ्या कपाटातली डीव्हीडी ती हीच. सुरुवातीला मिलेचं १८५७ चं ते प्रसिद्ध चित्र येतं, वाकून कणसं वेचणाऱ्या तीन बायकांचं. आज असं कोण वाकतं, हा तिचा प्रश्न. तर भरपूर लोक वाकतात. बटाट्याच्या रानात, द्राक्षमळ्यात, समुद्रकाठी वादळानंतर कालवं गोळा करायला, बाजार उठल्यावर भाजीच्या ढिगात, कचऱ्याच्या डब्यांत. कुणी भुकेपोटी, कुणी तत्त्व म्हणून, कुणी कलेसाठी. एक वकील काळा झगा घालून, हातात कायद्याचं पुस्तक घेऊन चक्क शेतात उभा राहतो आणि १५५४ च्या राजाज्ञेपासून चालत आलेला सरवा वेचण्याचा हक्क समजावून सांगतो. पीक निघाल्यावर, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, गरिबाला वेचू द्यावं. म्हणजे आमच्या आजीचा हक्क तिकडे कागदावर होता!

बटाट्याच्या रानात तिला कळतं की ठरावीक आकाराचेच बटाटे बाजारात जातात. मोठे, बारके, वेडेवाकडे सगळे ट्रॉलीनं आणून रानात ओततात. त्या ढिगात तिला बदामाच्या आकाराचा एक बटाटा मिळतो. ती लहान मुलासारखी खूश होते, आणखी शोधते, घरी नेते, ठेवून देते. ते सुरकुततात, त्यांना कोंब फुटतात. ती तेही टिपते. आणि मग एका हातात कॅमेरा धरून स्वतःचा दुसरा हात टिपते. सुरकुतलेला, डागांचा. दमीच्या हाताची आठवण न होणं अशक्य. नावातली ती एकवचनी बाई म्हणजे कोण, हे तिथे उमगतं.

त्या बटाट्यांनी तिला पुढचं करिअर दिलं. खोटं नाही सांगत. २००३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत तिनं तीन पडद्यांवर कोंब फुटलेले बटाटे दाखवले, समोर जमिनीवर ७०० किलो बटाटे पसरले आणि स्वतः बटाट्याचा वेश करून प्रेक्षकांचं स्वागत केलं. वय पंचाहत्तर. त्यानंतर ती स्वतःला म्हातारी सिनेमावाली पण तरुण चित्रकर्मी म्हणवून घ्यायची. २००६ मध्ये पॅरिसला तिचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात एक झोपडी होती. तिच्या भिंती कशाच्या? 'ले क्रेआत्यूर'च्या फिल्मच्या रिळांच्या. चाळीस वर्षांपूर्वी पडलेल्या सिनेमाच्या पट्ट्या तिनं वरून खाली लोंबत सोडल्या आणि आत उजेड गाळून येईल असं घर बांधलं. नाव दिलं 'अपयशाची झोपडी'.

काका, याला चिंध्यांची गोधडी म्हणतात.

पुढे मानसन्मान आले. २०१७ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री दिग्दर्शक. त्याच वर्षी जेआर या तेहतीस-चौतीस वर्षांच्या कलाकाराबरोबर तिनं 'चेहरे आणि गावं' हा माहितीपट केला. दोघांच्या वयात पंचावन्न वर्षांचं अंतर. ते एका गाडीतून गावोगाव फिरतात, माणसांचे प्रचंड मोठे फोटो छापतात आणि त्यांच्याच घरांच्या भिंतींवर चिकटवतात. त्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर महायुद्धातला एक जर्मन बंकर आहे, कड्यावरून वाळूत कोसळलेला. वार्दानं १९५४ मध्ये आपल्या एका फोटोग्राफर मित्राचा, गी बुर्दँचा, फोटो काढला होता. भिंतीला टेकून बसलेला तरुण. तो फोटो मोठा करून ते बंकरवर चिकटवतात. पाळण्यात निजल्यासारखा दिसतो तो. रात्री भरती येते. सकाळी जाऊन बघतात तर सगळं धुऊन गेलेलं. बंकर कोरा.

साठ वर्षं जपलेला फोटो एका रात्रीत गेला. ती हळहळत नाही. बघते, आणि आपण पुढे निघतो.

२९ मार्च २०१९ ला ती गेली, नव्वदाव्या वर्षी. माँपार्नासच्या दफनभूमीत दमीशेजारी तिला ठेवलं. रू दागेरवरच्या तिच्या दारासमोर लोकांनी फुलं ठेवली आणि बटाटे. बदामाच्या आकाराचे.

मला यातून स्वतःला फार मोठा दिलासा काढायचा नाही. वार्दाकडे पॅरिसमध्ये स्वतःचं घर होतं, व्हिलार आणि रेनेसारखी माणसं वेळेला धावून येणारी होती, आणि मुळात ती वार्दा होती. धरसोड करणारा प्रत्येक जण काही सरवा वेचत नसतो. काही जण नुसतेच सोडत असतात, आणि मी त्यांतली नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फरक मला दिसला तो एवढाच. तिनं वाट बदलली ती बहुतेक वेळा एक वाट बंद झाली म्हणून, परवाना नाही, पैसा नाही, मूल लहान आहे, नवरा गेला, आणि प्रत्येक वेळी ती मागच्या रानातलं काहीतरी ओच्यात घेऊन निघाली. रिकाम्या ओच्यानं निघाली नाही.

मग परवा मी एक यादी केली. बँकेतून काय घेऊन निघाले? आकड्यांची भीती गेली होती, आणि खेडेगावातल्या शाखेत काढलेल्या दोन वर्षांत माणसांशी बोलायला शिकले होते. फोटोंनी काय दिलं? भाषांतरात वाक्य अडलं की मी अजूनही ते डोळ्यांसमोर उभं करून बघते. यादी अर्धवटच आहे. काही ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही, त्या जागा मोकळ्या सोडल्यात.

आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचं ते खुरपं माझ्याकडे आहे, बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी वापरते. त्याची मूठ एका बाजूनं झिजली आहे, आजी डावखुरी होती. मी उजव्या हातानं धरते तेव्हा ते हातात नीट बसत नाही. पण माती मात्र अजून छान उकरतं.